अपघाती मृत्यूची भरपाई आणि उत्पन्नाचा रकाना

निष्काळजीपणामुळे झालेल्या अपघातात घरातला माणूस गेला की भरपाईचा विषय काढणाऱ्याला बहुधा एकच वाक्य ऐकावे लागते: पैशाने माणूस परत येणार आहे का? वाक्य खरे आहे आणि कायद्यालाही ते मान्य आहे. जिवाची किंमत ठरवण्याचा आव न्यायालय आणत नाही. ते त्याहून पुष्कळ अरुंद आणि रूक्ष प्रश्न विचारते. हा माणूस जगला असता तर त्याच्यावर विसंबून असलेल्यांच्या पदरात दरमहा किती पडले असते, आणि ते साधारण किती वर्षे पडत राहिले असते? गेली काही वर्षे मी या विषयावरचे निवाडे सवडीने वाचत आलो आहे. मी वकील नाही, त्यामुळे खाली लिहिले आहे तो कायदेशीर सल्ला समजू नये. मात्र वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, ती सांगण्यासाठी हा लेख आहे. रस्त्यावरच्या अपघातापुरते बोलायचे तर हिशेबाचे सूत्र आपल्याकडे आता जवळजवळ पक्के झाले आहे. कुटुंबाला वीस लाख मिळणार की चाळीस लाख, हे मात्र त्या सूत्राच्या पहिल्याच रकान्यात, म्हणजे मृताच्या मासिक उत्पन्नाच्या जागी, कोणता आकडा बसतो यावर ठरते. तो आकडा सिद्ध करणारे कागद जमवायचे असतात ते नेमके अशा काळात, जेव्हा घरात कोणाचेही चित्त ठिकाणावर नसते.

असा दावा करता येतो हेच मुळी फार जुने नाही. इंग्लंडमध्ये १८०८ साली घोडागाडी उलटून एका प्रवाशाची पत्नी जखमी झाली आणि सुमारे महिन्याभराने वारली. नवऱ्याने गाडीच्या मालकांवर दावा लावला, तेव्हा न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितले की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानी होऊ शकत नाही. त्यामुळे नवऱ्याला स्वतःच्या मुक्या माराबद्दल आणि पत्नी जिवंत असेपर्यंतच्या तिच्या सहवासाच्या हानीबद्दल पैसे मिळाले, तिच्या मृत्यूबद्दल काहीही मिळाले नाही. या नियमाचा अर्थ सरळ होता: एखाद्याला जखमी करण्यापेक्षा ठार करणे स्वस्त पडत होते. पुढे रेल्वे आली, अपघातांत माणसे घाऊक संख्येने मरू लागली आणि १८४६ साली ब्रिटिश संसदेने अवलंबितांना दाव्याचा हक्क देणारा कायदा केला. हिंदुस्थानात मुंबई ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १८५३ साली धावली आणि त्याच धर्तीचा प्राणघातक अपघात कायदा येथे १८५५ साली आला. तो आजही लागू आहे. ज्या चुकीबद्दल जखमी माणसाला जगता तर दावा करता आला असता, त्याच चुकीबद्दल त्याच्या मृत्यूनंतर पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुले यांच्या वतीने दावा करता येतो, हे त्याचे सार आहे. आजीआजोबा, नातवंडे आणि सावत्र मुले यांचाही त्यात समावेश होतो. अवलंबितांचे नुकसान आणि मृताच्या संपत्तीचे नुकसान या दोन वेगळ्या बाबी धरण्याची पद्धतही तेथूनच चालत आली आहे.

भरपाईसाठी आधी निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. येथे पुष्कळ कुटुंबांचा गैरसमज होतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर फौजदारी खटला असतो. पूर्वीच्या दंडसंहितेचे कलम ३०४-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ यांखाली चालकावर जो खटला चालतो, त्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. भरपाईच्या दाव्यात मात्र दोन शक्यतांपैकी अधिक संभवनीय कोणती, एवढेच तोलले जाते. म्हणून चालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला तरी भरपाई मिळू शकते, आणि फौजदारी निकाल लागेपर्यंत दावा दाखल करायला थांबण्याचे कारण नसते. प्रथम खबरीत ‘भरधाव वेगाने, हयगयीने आणि अविचाराने’ हे ठरीव शब्द बहुधा असतातच. पण त्यांच्यापेक्षा घटनास्थळाचा पंचनामा अधिक बोलतो: टायर घासल्याच्या खुणा कोठे आहेत, वाहन रस्त्याच्या कोणत्या बाजूला सापडले, रस्ता किती रुंद होता, धडक कोणत्या अंगाला बसली. काही वेळा घटनाच इतकी बोलकी असते की, मोकळ्या रस्त्यावरून खाली उतरून झाडावर आदळलेल्या गाडीच्या बाबतीत, असे का घडले याचा खुलासा चालकाकडूनच मागितला जातो.

मृताचीही काही चूक असेल, तर तिच्या प्रमाणात रक्कम कापली जाते. दोन वाहनांच्या चुकीने तिसराच माणूस मेला असेल, तर त्याच्या वारसांना दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. त्या दोघांनी आपापसांत वाटणी करावी, तो वारसांचा प्रश्न नाही. मागच्या आसनावरच्या प्रवाशाच्या वारसांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण ‘दोन्ही चालकांची निम्मी निम्मी चूक’ असे म्हणून त्यांचीच रक्कम निम्मी करू पाहणारा युक्तिवाद मोटार अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणांपुढे अनेकदा होतो.

आता मुख्य हिशेब. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६८ मध्ये ‘न्याय्य’ भरपाई द्यावी, एवढेच म्हटले आहे. ती कशी मोजावी हे सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने ठरवले. त्यात २००९ सालचा सरला वर्मा निवाडा आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिलेला प्रणय सेठी निवाडा हे दोन आधारस्तंभ आहेत. पहिल्या निवाड्याआधी एकाच वयाच्या आणि एकाच पगाराच्या दोन माणसांच्या कुटुंबांना दोन न्यायाधिकरणांत कमालीच्या वेगळ्या रकमा मिळत असत. आता कोणीही कागद-पेन्सिल घेऊन अंदाज काढू शकतो.

समजा, स्वतःचा लहानसा व्यवसाय असलेला ३४ वर्षांचा माणूस गेला, त्याचे मासिक उत्पन्न २०,००० रुपये होते, आणि मागे पत्नी, दोन मुले व आई असे चार अवलंबित आहेत. वर्षाचे उत्पन्न झाले २,४०,०००. पुढे ते वाढत गेले असते म्हणून त्यात भर घालायची. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगाराच्या माणसासाठी ही भर ४० टक्के असते, चाळीस ते पन्नास या वयात २५ टक्के आणि पन्नास ते साठमध्ये १० टक्के. कायम नोकरी असेल तर हेच आकडे अनुक्रमे ५०, ३० आणि १५ टक्के होतात. आपल्या उदाहरणात बेरीज ३,३६,००० होते. त्यातून मृताने स्वतःवर केला असता तो खर्च वजा करायचा. विवाहित माणसाचे दोन-तीन अवलंबित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, सहापेक्षा जास्त असतील तर एक पंचमांश. अविवाहिताच्या बाबतीत सहसा निम्मा. येथे एक चतुर्थांश गेल्यावर २,५२,००० उरतात. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. हा गुणक पंधरा ते पंचवीस वयासाठी १८ असतो, मग दर पाच वर्षांना एकेकाने उतरत ४६ ते ५० साठी १३ होतो, आणि पन्नाशीनंतर दोन-दोनने घसरत ६६ ते ७० साठी ५ वर येतो. ३४ व्या वर्षी तो १६ आहे. गुणाकार होतो ४०,३२,०००.

यापुढच्या रकमा त्या मानाने किरकोळ आहेत. २०१७ च्या निवाड्याने सहवास हरपल्याबद्दल ४०,०००, संपत्तीच्या हानीबद्दल १५,००० आणि अंत्यविधीच्या खर्चाबद्दल १५,००० ठरवले आणि दर तीन वर्षांनी त्यांत दहा टक्के वाढ सांगितली. दोन वाढींनंतर त्या ४८,४०० आणि प्रत्येकी १८,१५० अशा झाल्या. सहवासाची रक्कम पूर्वी फक्त पत्नीला किंवा पतीला मिळत असे. २०१८ पासून मुलांना पालकांच्या आणि आईवडिलांना अपत्याच्या सहवासाबद्दलही ती दिली जाते. या सगळ्यावर साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज मिळते. दुःखाची दखल एवढ्याच ओळीत आटोपते. हे कोरडे वाटते खरे. पण दुःखाचे मोजमाप न्यायाधीशाच्या हाती सोपवले असते, तर कोणत्या घराचे दुःख किती लाखांचे हे ठरवण्याचा जो प्रकार झाला असता, त्यापेक्षा हा कोरडेपणा मला पत्करण्याजोगा वाटतो.

गुणक सोळाच का, माणूस साठीपर्यंत आणखी सव्वीस वर्षे कमावला असता, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. उत्तर असे की, सव्वीस वर्षांत थोडे थोडे आले असते ते पैसे येथे एकरकमी हातात पडतात आणि गुंतवले की त्यांवर व्याज मिळते. दरवर्षी व्याज आणि थोडे मुद्दल काढत गेले तर अवलंबनाच्या काळाअखेरीस रक्कम संपून जावी, अशी ही कल्पना आहे. शिवाय अपघात झाला नसता तरी आजारपण, बेकारी किंवा अन्य कारणाने उत्पन्न थांबले असते, ही शक्यताही त्यात धरलेली असते. गुणक मृताच्या वयावरून ठरतो. अविवाहित मुलाच्या मृत्यूत आईचे वय धरावे असे पूर्वी काही निवाड्यांत म्हटले होते, पण तो वाद आता मिटला आहे.

पहिल्या रकान्याकडे परत यायचे तर वरच्याच उदाहरणात न्यायाधिकरणाने उत्पन्न २०,००० ऐवजी १२,००० धरले, तर गुणाकार ४०,३२,००० वरून २४,१९,२०० वर येतो. सूत्र तेच, वय तेच, माणसे तीच. सोळा लाखांचा फरक मात्र एका आकड्याने पडला. पगारदाराच्या बाबतीत वेतनचिठ्ठी, फॉर्म १६ आणि कार्यालयातून साक्ष द्यायला येणारा माणूस एवढ्यावर काम भागते. रोख व्यवहार करणारा गवंडी, रिक्षाचालक किंवा भाजीविक्रेता यांचे काय? विवरणपत्र भरलेले नसते, वह्या नसतात, असल्या तर उलटतपासणीत त्या मागाहून लिहिल्याचा आरोप होतो. मग न्यायाधिकरण किमान वेतनाच्या अधिसूचनेचा आधार घेते किंवा काल्पनिक उत्पन्न धरते, आणि ते बहुतेकदा खऱ्या उत्पन्नापेक्षा कमी असते. बँकेतले नियमित भरणे, कर्जाचे फेडलेले हप्ते, मुलांच्या शाळेची भरलेली फी, माल पुरवणाऱ्याची बिले, नगरपालिकेचा परवाना, अशा सगळ्या कागदांतून उत्पन्नाचा अंदाज पटवून देता येतो. अपेक्षेपेक्षा कमी रकमेचे निवाडे वाचताना जाणवते ते असे की, ‘उत्पन्नाचा पुरावा दाखल नाही’ हे वाक्य त्यांत अतिशय सहजपणे आलेले असते. वकील निवडताना मी तरी त्याला पहिला प्रश्न याच बाबतीत विचारीन.

गृहिणीच्या मृत्यूत हा रकाना सर्वांत अवघड होतो, कारण तिच्या श्रमाला पगारच नसतो. जमशेदपूर येथे १९८९ साली झालेल्या आगीतील मृतांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले, ही त्या काळी मोठी पायरी होती. जानेवारी २०२१ मधील एका निवाड्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे उद्धृत केले: घरच्या बिनपगारी कामात बाई दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि पुरुष ९७ मिनिटे. त्याच निवाड्याने गृहिणीच्या काल्पनिक उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरता येते हे स्पष्ट केले. तरीही प्रत्यक्षात तिच्या वाट्याला येणारा आकडा अनेकदा अकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या आसपास घुटमळतो. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधे, घराचा जमाखर्च ही कामे वेगवेगळ्या माणसांकडून पगार देऊन करून घ्यायची म्हटली तर किती लागतील, हा हिशेब मांडला तर तो त्या आकड्याच्या कितीतरी पुढे जाईल. लहान मुलांच्या मृत्यूत तर सगळाच अंदाज. तेथे मिळणारी रक्कम वाचून मनाला कधीच पटत नाही.

कुटुंबांना घाबरवण्यासाठी बऱ्याचदा सांगितले जाते की, आयुर्विम्याचे पैसे मिळाले आहेत, ते भरपाईतून वजा होतील. तसे होत नाही. राज्य परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच ठरवले की, आयुर्विमा हा मृताने स्वतः हप्ते भरून केलेल्या कराराचा लाभ आहे. तो कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूनंतर मिळालाच असता, म्हणून चूक करणाऱ्याला त्याचा फायदा देता येणार नाही. कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा तत्त्वावरची नोकरी यांनाही हेच लागू आहे. मागितल्यापेक्षा जास्त रक्कम न्याय्य ठरत असेल तर न्यायाधिकरण ती देऊ शकते.

एवढी सारी व्यवस्था चालते ती एका गोष्टीच्या बळावर: वाहनाचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे त्या वाहनाने दुसऱ्या कोणाचे नुकसान केले तर ते भरून देणारा विमा, सक्तीचा आहे. निवाडा झाला की पैसे देणारी विमा कंपनी समोर असते. चालकाकडे वैध परवाना नसला तरी, कंपनीने आधी वारसांना पैसे द्यावेत आणि मग वाहनमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश अनेक प्रकरणांत होतो. वाहनाचा विमाच नसेल, तर मात्र निवाडा हातात घेऊन मालकाच्या मालमत्तेमागे फिरावे लागते. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात. दोष सिद्ध न करता ५ लाख रुपये घेण्याचा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ चा मार्ग १ एप्रिल २०२२ पासून आहे, पण ती रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपुष्टात येतो. म्हणून कमावता माणूस गेलेल्या कुटुंबाने त्यावर सही करण्यापूर्वी वरचा गुणाकार एकदा करून पाहावा.

हाच निष्काळजीपणा रस्त्याबाहेर घडला, तर वाट एकदम बिकट होते. उघड्या गटारात पडून, कोसळलेल्या इमारतीखाली किंवा विजेच्या तुटलेल्या तारेने मृत्यू आला तर मोटार न्यायाधिकरण नसते, सक्तीचा विमा नसतो, आणि १८५५ च्या कायद्याखाली दिवाणी न्यायालयात दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. रुग्णालयातील हयगयीसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तेथेही मुदत दोन वर्षांचीच आहे, आणि उपचार चुकीचे होते हे दुसऱ्या डॉक्टरच्या मताशिवाय पटवणे कठीण जाते. सार्वजनिक यंत्रणेची चूक उघड असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे गेली, त्यांच्या नातेवाइकांनी हाच मार्ग घेतला. उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मृतांसाठी १८ लाख आणि त्याखालील मृतांसाठी १५ लाख रुपये ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ते १० लाख आणि साडेसात लाखांवर आणले. मृत बाल्कनीची तिकिटे काढून आले होते म्हणजे त्यांचे उत्पन्न दरमहा निदान १५,००० असणार, असा उच्च न्यायालयाने बांधलेला तर्क तेथे टिकला नाही. उत्पन्नाचा रकाना अंदाजाने भरला की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

मोटार अपघाताच्या अर्जासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आली. या बंधनाच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. २०२२ च्याच नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. अपघात घडला तेथे, अर्जदार राहतो तेथे किंवा जाबदेणार (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) राहतो तेथे, कोठेही अर्ज करता येतो. त्यामुळे दूरच्या महामार्गावर मृत्यू झाला म्हणून तेथे खेटे घालण्याची गरज नाही. जखमी माणूस काही महिने अंथरुणावर राहून मग गेला असेल, तर मृत्यू त्याच जखमांमुळे झाला हे सांगणारे वैद्यकीय कागद सुरुवातीपासून जपून ठेवावे लागतात.

निवाड्याची रक्कम बहुधा सगळी एकदम हाती येत नाही. अज्ञान मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवला जातो, आणि विधवेच्या हिश्श्याचाही काही भाग तसाच गुंतवून त्याचे व्याज दरमहा तिच्या खात्यात जमा करण्याचा आदेश होतो. हे सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांना धरून आहे. मोठी रक्कम आली की दीर, भाऊ आणि सल्लागार यांची गर्दी होते, हे त्यामागचे उघड कारण. घर दुरुस्ती, शिक्षण किंवा आजारपण यांसाठी ठेव मुदतीआधी मोडण्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे करता येतो. लोकअदालतीत तडजोड करायची असेल, तर ती झाल्यावर अपील राहत नाही हे आधी लक्षात घ्यावे, आणि समोरून आलेला आकडा उत्पन्न, वाढ, वजावट व गुणक यांपैकी कोणत्या ठिकाणी कमी धरून काढला आहे, ते कंपनीच्या वकिलाकडून कागदावर मांडून घ्यावे.